अजून शिकतंसच?

मालवणात जन्मलेल्या एका माणसाच्या नोकरीपासून सुरुवात करतो. त्याची विद्वत्ता सगळ्यांना ठाऊक आहे. नोकरीचं मात्र फारसं कुणी सांगत नाही.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर. जन्म ६ जुलै १८३७, मालवण. वडील महसूल खात्यात कारकून. त्यांच्या बदलीबरोबर बिऱ्हाड रत्नागिरीला गेलं, मुलगा तिथल्या सरकारी शाळेत शिकला आणि १८५३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाला. पुढे तो दक्षिणा फेलो झाला. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, तिच्याच पैशातून इंग्रजांनी या फेलोशिपा काढल्या होत्या. म्हणजे आपल्याकडची संशोधनवृत्ती मुळात दक्षिणाच; देणाऱ्याचा हात वर नि घेणाऱ्याचा खाली, ही पद्धत तेव्हापासूनची. असो. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत रानड्यांसोबत भांडारकर होते. मग सिंधमधल्या हैदराबादला आणि रत्नागिरीला हेडमास्तरकी. पुढे एल्फिन्स्टनमध्ये संस्कृतचे प्राध्यापक झाले, पण हंगामी. चारेक वर्षं त्यांनी ते काम केलं. १८७३ मध्ये जागा कायम भरायची वेळ आली तेव्हा ती विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांना मिळाली, आणि भांडारकर त्याच कॉलेजात दुय्यम जागेवर परत गेले. डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न यांच्या जागी प्राध्यापक व्हायला १८८२ उजाडलं. तोवर त्यांची पंचेचाळिशी आली होती.

आमच्याकडे ही हकिगत एका ठरावीक चालीवर सांगतात. त्यांना डावललं तरी त्यांनी कुरकुर केली नाही, काम करत राहिले, आणि बघा केवढे मोठे झाले! तपशील खोटे नाहीत. पिढ्यान् पिढ्यांना संस्कृत शिकवणारी ‘मार्गोपदेशिका’ १८६४ ची, म्हणजे हेडमास्तरकीच्या दिवसांतली. एका पारशी गृहस्थाने वाचून द्या म्हणून ताम्रपट आणला तो १८७० मध्ये, हंगामी प्राध्यापकीत. त्या एका ताम्रपटापायी भांडारकरांनी जुन्या लिप्यांचा अभ्यास केला आणि प्राचीन इतिहासाकडे वळले. पीएचडी त्यांनी केलीच नाही; गटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये ती आपणहून दिली. कॉलेजच्या गॅदरिंगात हे भाषण मी स्वतः दहा वेळा तरी ठोकलं असेन. ही प्रस्तावना ज्या पुस्तकाची आहे, त्याचं हस्तलिखित वाचल्यावर ते भाषण मी मागे घेत आहे.

त्या भाषणात एक वाक्य नेहमी गाळलेलं असे. भांडारकरांची जागा गेली होती, नोकरी नव्हे. दुय्यम का होईना, सरकारी शिक्षणखात्यातली जागा त्यांना होती, आणि महिना भरला की पगार येत होता. अन्याय झाला तो मानाचा आणि बढतीचा. घरभाडं, दुकानदाराची वही, मुलाची फी यांच्यासाठी ते कुणाच्या दारात उभे नव्हते. आजच्या तिशीतल्या संशोधकाला त्यांचं उदाहरण देणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं माहात्म्य ऐकवणं.

या पुस्तकात सिंधुदुर्गात काम करणारे, किंवा इथून उठून बाहेर गेलेले, तरुण संशोधक आपापल्या कामाविषयी लिहितात. कुणी समुद्रात, कुणी आंबोलीच्या पावसात, कुणी काजूच्या बागेत, कुणी दशावताराच्या मांडवात. संपादकांनी सगळ्यांना एकच प्रश्न घातला होता: कामात समाधान आहे का?

उत्तरं वाचताना पहिल्यांदा मी गोंधळलो. एकाच पानावर, कधी एकाच वाक्यात, हो आणि नाही. वाटलं, संपादकांनी नीट हात फिरवलेला नाही. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की गोंधळ लिहिणाऱ्यांचा नसून प्रश्नातल्या शब्दाचा आहे. मराठीत समाधान दोन प्रकारचं असतं. एक पोट भरल्यावरचं, निवांत, पाठ टेकल्यावरचं. दुसरं शंकासमाधानातलं. एखादी गोष्ट अशीच का, हे महिनोन् महिने डोक्यात घोळत असतं आणि एके दिवशी उत्तर हाताला लागतं, ते. संशोधनाचं काम दुसऱ्या समाधानावर चालतं आणि संशोधकाची नोकरी पहिल्यावर. या मुलामुलींना दुसरं भरपूर मिळतं. पहिल्याची बोंब आहे.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये काहीसं असंच म्हटलं होतं. पिट्सबर्गच्या परिसरातल्या दोनशेच्या आसपास इंजिनिअर आणि हिशेबनीसांशी बोलून त्यांनी निष्कर्ष काढला की समाधान आणि असमाधान ही एकाच तराजूची दोन पारडी नव्हेत. कामाचं स्वरूप, काही साधल्याची जाणीव, मिळालेली दाद यांतून समाधान येतं. पगार, वरिष्ठ, कार्यालयाचे नियम, नोकरीची शाश्वती यांत खोट असली की असमाधान येतं. तीच खोट दूर केली तर असमाधान जातं, पण तेवढ्याने समाधान येत नाही. या मांडणीवर पुढे पुष्कळ टीका झाली, ती बरीचशी रास्तही होती. तरी आपल्या विषयाला ती चपखल बसते. ‘नेचर’ नियतकालिकाने २०१९ मध्ये जगभरच्या सहा हजारांहून अधिक पीएचडी विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जण पीएचडीला आल्याबद्दल समाधानी होते, आणि त्याच पाहणीत ३६ टक्क्यांनी संशोधनामुळे आलेली चिंता किंवा नैराश्य यासाठी मदत घेतल्याचं सांगितलं. मालवण आणि जग यात या बाबतीत फार अंतर दिसत नाही.

आता जरा जवळून पाहू. हा प्रसंग पुस्तकात नाही, मी पाहिलेला आहे.

हिवाळ्यातली सकाळ, मालवणचा किनारा. होड्या लागल्या आहेत, वाळूवर ढीग पडलेत, लिलाव सुरू. एक मुलगी उकिडवी बसून एका वागळीचं माप घेते आहे. वागळी म्हणजे प्रमाण मराठीतला पाकट. त्याची लांबी नव्हे, चकतीची रुंदी मोजतात, कारण शेपूट बहुधा होडीतच तोडून टाकलेली असते. टेप, आकड्याचा वजनकाटा, ओल्या हाताने लिहिता यावं म्हणून पेन्सिल. नर की मादी, पोटात पिल्लं आहेत का, कुठल्या जाळ्यात आली, किती वावात. विकणारी बाई वर उभी राहून म्हणते, “बेगीन कर गो, गिराईक थांबाचा नाय.” मुलगी मान वर न करता म्हणते, “झाला, काकी, एकच ऱ्हवला.” मोरी, म्हणजे शार्क, आणि वागळी यांचं पुनरुत्पादन फार सावकाश चालतं. वयात यायला वर्षं लागतात आणि पिल्लंही थोडीच होतात. म्हणून जाळ्यात किती येतात, केवढ्या आकाराच्या येतात, याची नोंद वर्षानुवर्षं ठेवावी लागते. त्या दिवशी तिला एक मादी अशी मिळाली, जिच्यासारखी तिच्या वहीत आधी नव्हती. काय झालं ते मला कळलं नाही, पण तिचा चेहरा मला दिसला. मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, म्हणून तो चेहरा मी ओळखतो. शंकासमाधान म्हणतात ते हेच.

दुपारी तीच मुलगी झेरॉक्सच्या दुकानात भेटली. प्रगती अहवालाच्या तीन प्रती, त्यावर गाइडची सही हवी, गाइड मुंबईत, सही स्कॅन केलेली चालत नाही. म्हणजे संध्याकाळी कुडाळहून तुतारी एक्स्प्रेस, सकाळी दादर, सही, आणि जमलं तर रात्रीच परत. सही झाली तर मागच्या सहामाहीचे पैसे सुटतील. सुटतील म्हणजे सुटायची शक्यता निर्माण होईल. सकाळचा चेहरा आणि दुपारचा चेहरा, दोन्ही त्याच मुलीचे. तिला समाधान आहे का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर कसं द्यायचं?

पैशांचं सरळच बोलतो. मराठी लेखनात ते बोलायची लाज वाटते, म्हणून या पुस्तकातल्या काही लेखांतही ते कडेकडेने आलं आहे. राष्ट्रीय पातळीवरची जेआरएफ फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ झालं की ४२,०००. आकडा वाईट नाही. पण तो थोड्यांना मिळतो, आणि ज्यांना मिळतो त्यांनाही दरमहा मिळेल असं नाही. नेट परीक्षा पास नसलेल्यांना केंद्रीय विद्यापीठांत महिना ८,००० मिळतात. सिंधुदुर्गातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, तिथे तेही नाही. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपांनी खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांना संशोधनाचं दार उघडून दिलं, हे मान्यच केलं पाहिजे. पण फेलोशिप नोंदणीच्या तारखेपासून द्या एवढ्या मागणीसाठी त्याच मुलांना मुंबई-पुण्यात उपोषणाला बसावं लागलं, हेही खरं. डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात या फेलोशिपांवरच्या चर्चेत पीएचडी करून काय दिवा लावणार असं विचारलं गेलं, त्यावर गदारोळ झाला. मला त्या वाक्याचा राग आला नाही. ते वाक्य आमच्या घराघरांत रोज बोललं जातं; विधिमंडळात ते माइकवरून बोललं गेलं इतकंच.

घरातलं वाक्य मालवणीत असतं. “अजून शिकतंसच?” भाऊबीजेला आलेली आत्या विचारते, एसटीत शेजारी बसलेला पोस्टमन विचारतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण पस्तिशीला टेकलेल्या, रोज दहा तास काम करणाऱ्या बाईला तू अजून शिकतेसच का असं विचारणं म्हणजे तिचं काम हे कामच नाही असं सांगणं. या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येकाने हा प्रश्न कुठे ना कुठे नोंदवला आहे, आणि कुणी त्यावर चिडलेलं नाही. त्या न चिडण्यानेच मला अस्वस्थ केलं.

मी स्वतः काही वर्षं हंगामी होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, ते अजून आहे आणि चांगलं चाललं आहे. दर जूनमध्ये नवी ऑर्डर, आणि दोन ऑर्डरींच्या मध्ये एक दिवसाचा खंड. तांत्रिक खंड म्हणत त्याला. सलग सेवा दिसू नये म्हणून कॅलेंडरातून माझा एक दिवस काढून घेतलेला असे. त्या दिवशी मी कोण होतो? प्रयोगशाळेत बेडूक असत, त्यांना खायला घालावंच लागे, म्हणून मी जात असे. शिपाई हसून म्हणे, “सर, आज तुम्ही नाहीत.” मीही हसे. पुढे कायम झालो आणि हे विसरलो, सगळे विसरतात तसंच. माझ्यानंतर माझ्याच विभागात तासिका तत्त्वावर आलेल्या मुलांना मी भांडारकरांची गोष्ट सांगू लागलो.

नियमांची गंमत तर वेगळीच. २०१८ च्या नियमावलीने विद्यापीठांच्या विभागांत सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी सक्तीची केली, १ जुलै २०२१ पासून. मग ती मुदत दोन वर्षं पुढे ढकलली. आणि ती संपता संपता, १ जुलै २०२३ पासून, नेट-सेट पुरे, पीएचडी ऐच्छिक! निर्णयांच्या गुणदोषांत मी शिरत नाही; दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण २०१८ मध्ये हिशेब मांडून ज्याने उमेदीची पाच वर्षं पणाला लावली, त्याच्या बाजूने पाहा. पट अर्ध्यात असताना सोंगट्यांचे नियम बदलले. पुस्तकात एकाने हे फार संयमाने लिहिलं आहे. मला इतका संयम जमला नसता.

सिंधुदुर्गाचं म्हणून यात काही वेगळं आहे का? आहे. इथे संशोधनाचा विषय घराच्या पायरीपासून सुरू होतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. आंबोलीत २००९ मध्ये एका भेकाच्या जातीला शास्त्रीय नाव मिळालं, २०२० मध्ये हिरण्यकेशीच्या कुंडातल्या माशाला. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. किनाऱ्यालगतच्या डॉल्फिनांवर इथे राहून तरुणांनी काम केलं, ‘कोकण सिटेशियन रिसर्च टीम’ या नावाने. मच्छीमारांचं डॉल्फिनांविषयीचं ज्ञान त्यांनी शास्त्रीय नियतकालिकात नेलं. तिशीच्या आतल्या माणसाला आपल्या हाताने नवं काही सापडावं अशा जागा देशात फार नाहीत. म्हणून मुलं इथे परत येतात. गोव्यात किंवा पुण्यात बरी नोकरी असतानाही येतात.

आणि राहू शकत नाहीत. प्रकल्प तीन वर्षांचा, फार तर पाच. विषयांना ही मुदत माहीत नसते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातल्या दोन आंब्यांचं पाहा. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेला ‘रत्ना’ १९८१ मध्ये बाहेर पडला. त्या रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून, कागदासारख्या पातळ बाठीचा ‘सिंधू’ यायला १९९२ उजाडलं. एका झाडाला मोहोर यायला जेवढी वर्षं लागतात, तेवढ्यात आजचा प्रकल्प सहायक दोनदा बदललेला असतो. त्याने लावलेल्या कलमाचं फळ तिसराच मोजतो. काजूवर काम करणाऱ्या एकाने लिहिलंय की आपण लावलेल्या रांगेला काय धरलं हे तो आता एका मित्राच्या व्हॉट्सअॅपवरच्या फोटोंवरून पाहतो. या पुस्तकातलं सगळ्यात दुःखद वाक्य मला हे वाटलं. त्यात पगाराचा उल्लेख नाही. दुसरं समाधान, शंकेचं, तेही कंत्राटाबरोबर काढून घेतलेलं आहे.

आणखी एक गोष्ट, थोडी नाजूक. बाहेरच्या मोठ्या संस्थांचे प्रकल्प इथे येतात, त्यांना इथली बोली येणारा, होडीवाल्यांची नावं माहीत असणारा माणूस लागतो. तो माहिती गोळा करतो, तीच कधी कधी त्याच्या स्वतःच्या डोक्यातली असते, आणि निबंध छापून आला की त्याचं नाव आभारात असतं. आमच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतात तेव्हा दोराला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो. वाटेने जाणारा सहज दोर धरतो, त्यालाही मूठभर तारली मिळतात. विद्यापीठांनी रापणकारांकडे महिनाभर उमेदवारी करायला हरकत नाही. सगळेच असं वागतात असं मात्र नाही. मच्छीमारांची आणि स्थानिक मुलांची नावं लेखकांत घालणारे लोक मला ठाऊक आहेत, आणि अशा गटांत काम केलेल्यांचे लेख वाचताना स्वर लगेच बदललेला जाणवतो. पगार तितकाच, मुदत तितकीच, तरी माणूस ताठ उभा.

पुस्तकात उणिवा आहेत. समुद्र आणि डोंगर यांवर काम करणाऱ्यांची गर्दी झाली आहे. भाषा, इतिहास, अर्थशास्त्र यांतल्यांना पुरती जागा मिळालेली नाही, आणि खरं तर त्यांची स्थिती जास्त बिकट आहे, कारण त्यांच्यासाठी प्रकल्पही निघत नाहीत. संशोधन सोडून गेलेल्यांचा एकही लेख नाही. होमस्टे काढलेला एक कीटकशास्त्रज्ञ मला माहीत आहे. तो समाधानी आहे, दोन्ही अर्थांनी, असं तो सांगतो. मला पहिल्या अर्थापुरतं पटतं. अशांना विचारायला हवं होतं. गाइड मंडळींची बाजूही नाही. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार, सहयोगीला सहा आणि प्राध्यापकाला आठ विद्यार्थी घेता येतात. रिक्त जागांच्या विभागात ते सांभाळून तास, परीक्षा, नॅकच्या फायली करणारा गाइड काही खलनायक नसतो. पुढच्या आवृत्तीत संपादकांनी हे पाहावं.

माझं मत विचारलंत तर असं आहे. या मुलांना काम आवडतं, हेच त्यांच्याविरुद्ध वापरलं जात आहे. आवडीचं करायला मिळतंय ना, मग थोडी कळ काढा, असं संस्था म्हणतात, घरचे म्हणतात, आणि वाईट म्हणजे तेही स्वतःला म्हणू लागतात. मासेमाराला समुद्र आवडतो म्हणून कुणी त्याला मासळीचा भाव कमी देत नाही. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला जमा करणं, सही ऑनलाइन चालवणं, तासिकेवरच्या माणसाला बारा महिन्यांचा पगार देणं, लिहिणाऱ्याचं नाव लिहिलेल्यावर घालणं, यांतल्या एकासाठीही शोध लावावा लागत नाही.

वाचकांना एक सुचवतो. सुरुवातीपासून वाचू नका. मध्ये एका तरुणीची वर्षभराची रोजनिशी आहे, ती आधी वाचा. ती सकाळी किनाऱ्यावर मासळीची मापं घेते आणि दुपारी तासिकेवर शिकवते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे मापं नाहीत. कॉलेजची नवी ऑर्डर यायची असते, त्यामुळे तास नाहीत आणि पैसेही नाहीत. त्या दोन महिन्यांची पानं तिने तारखा घालून कोरी ठेवली आहेत आणि संपादकांनी ती तशीच छापली आहेत. छपाईत चूक झालेली नाही.